आतल्यांचं ऐकणारी

तुर्फोसाचा डावा कान उजव्यापेक्षा चपटा होता. पस्तीस वर्षं पोरांच्या पोटांवर टेकून टेकून तो तसा झाला असं ती सांगायची, आणि लोल्वे सरोवराच्या काठच्या त्या गावात हे कोणाला खोटं वाटत नसे. ती गेम नावाच्या मुलखातून लग्न होऊन आलेली, म्हणून म्हातारी माणसं तिला गेमची लेक म्हणत. बाकी सगळ्यांना ती ओपोंदोची आई. ओपोंदो सात वर्षांचा असतानाच गेला होता, पण आईला एकदा मिळालेलं नाव कोणी काढून घेत नाही.

एखादं मूल पेज खाईना, त्याचं पोट फुगून आलं, की आई त्याला काखोटीला मारून तुर्फोसाच्या अंगणात आणायची. तुर्फोसा आधी कोंबड्या हाकलायची. मग मुलाला चटईवर उताणं निजवायची, बेंबीच्या जरा खाली कान टेकवायची आणि डोळे मिटायची. तेवढा वेळ अंगणात कोणी खोकतसुद्धा नसे. आतून गुरगुर आली, लांब कुठेतरी कुत्रं भुंकावं तसा आवाज आला, की तिची मान हलायची. कधी ती म्हणायची, "चिडलेत." कधी म्हणायची, "उपाशी ठेवलंस त्यांना." आणि कधी नुसतंच, "आहेत, आहेत." मग ती बेंबीशी तोंड नेऊन त्यांच्याशी बोलायला लागायची, अगदी हलक्या आवाजात, रुसलेल्या पाहुण्याची समजूत घालावी तसं. ती काय बोलते ते जवळ बसलेल्या आईलाही ऐकू येत नसे. पोर मात्र डोळे वटारून आभाळाकडे बघत राही. शेवटी कडू मुळीचा काढा पाजला की काम झालं.

जंत हा शब्द तिने कधी तोंडातून काढला नाही. ती त्यांना आतले म्हणायची. आतले प्रत्येकाला असतात. माणूस आईच्या पोटातून येतो तो त्यांना घेऊनच येतो, खाल्लेलं तेच दळतात, तेव्हा कुठे ते अंगी लागतं. हे तिला सासूने शिकवलं होतं आणि सासूला तिच्या सासूने. खरं सांगायचं तर गावापुरतं ते फारसं खोटंही नव्हतं. दिवा घेऊन शोधलं असतं तरी जंत नसलेलं पोर तिथे सापडलं नसतं. पोरं वाळवीच्या वारुळाची माती फोडून खायची. गर्भार बायका बाजारातून खायच्या मातीचे खडे आणून दिवसभर चघळायच्या. परसाकडे जायला साऱ्या गावाला मिळून एकच झुडपांची रांग होती, आणि पावसात त्या झुडपांवरून येणारं पाणी अंगणाअंगणातून सरोवराकडे जायचं. सगळ्यांनाच जे आहे त्याला आजार म्हणायचं कोणी?

म्हणायला जॅरेड ओगुटू आला. हा गावातलाच पोरगा, सरोवरात होड्या ढकलत वाढलेला. आता त्याच्याकडे आरोग्य खात्याचा निळा शर्ट होता, एक जुनी मोटरसायकल होती आणि प्रत्येकाला शहाणं करायची घाई होती. शाळेतल्या मुलांची शी डब्यांत भरून त्याने तालुक्याला नेली. गाव महिनाभर त्यावर हसलं. मग आंब्याखाली सभा भरली आणि जॅरेडने सांगितलं, की काचेखाली बघितलं, पाच मुलांतल्या चौघांच्या पोटात जंतांची अंडी आहेत.

"आणि पाचवा?" तुर्फोसाने बसल्या जागेवरून विचारलं.

"पाचव्यात नाहीत, आजी."

"त्याने डबा नीट भरला नसेल."

सभा हसली. जॅरेडही हसला, पण ओशाळून. तो पुन्हा समजावू लागला, की अंडी मातीतून येतात, हातावरून तोंडात जातात, पोरांचं रक्त आणि अन्न आतल्या आत खाल्लं जातं. लोकांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला, की आतले मेले तर दळणार कोण. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो थकला. लोकांना पटेल अशा भाषेत सांगावं म्हणून तो म्हणाला, "शाळेत गोळी दिली की ते मरतील आणि पोटातला आवाज बंद होईल. आवाज बंद झाला, की समजा पोर बरं झालं." हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं, जिभेवर आलं आणि त्याने बोलून टाकलं. बाकीचं सगळं भाषण लोक घरी पोचेपर्यंत विसरले. हे वाक्य तेवढं राहिलं.

तुर्फोसा दुसऱ्या दिवसापासून घरोघर फिरली. गोळी देऊ नका, घरातली माणसं अशी एका दिवसात हाकलून लावत नाहीत, असं तिने प्रत्येक चुलीपाशी बसून सांगितलं. काही बायका घाबरल्या. तिच्या पुतण्याची बायको रिस्पा मात्र घाबरली नाही. रिस्पा सातवीपर्यंत शिकलेली, नवरा मासेमारीला बेटावर, सहा वर्षांची आओको ही एकुलती मुलगी. तिने तोंडावर सांगितलं, की माझी पोर सगळ्यांत आधी गोळी खाईल. आओको होती काटकुळी, हातपाय बांबूसारखे आणि पोट तेवढं मोठं. बोलायलाही फटकळ. तुर्फोसा तिच्या पोटाला कान लावायची तेव्हा ती हसून हसून लोळायची आणि म्हणायची, "आजी, तुझा कान बेडकासारखा गार आहे."

मंगळवारी शाळेत गोळी दिली. पांढरी, चघळायची, चवीला बरी. पोरांनी एकमेकांना जिभा काढून दाखवल्या आणि घरी आली.

बुधवारची सकाळ गाव विसरणार नाही. झुडपांच्या रांगेतून पोरं ओरडत बाहेर येत होती आणि मोठ्या माणसांना हात धरून दाखवायला नेत होती. वीतवीत लांब, फिकट गुलाबी, काही मेलेले, काही मेलेले नाहीत. एक गवतात अर्धा उभा राहून डोकं इकडून तिकडे फिरवत होता, वाट शोधत असल्यासारखा. कोंबड्या धावत यायच्या आणि दोन पावलांवर थांबायच्या. कोणाचे किती पडले याची पोरांत पैज लागली. बायका मात्र गप्प झाल्या. आपल्या पोराच्या आत इतकं काही राहत होतं आणि आपण त्याला अंगावर पाजत होतो, कुशीत निजवत होतो, हे डोळ्यांनी बघणं वेगळं.

तुर्फोसाने त्या दिवशी झुडपांकडे पाहिलं नाही. दुपारी ती पोरांना एकेक करून बोलवू लागली. ती ऐकायला बसली होती, रिकाम्या पोटात काय ऐकू येतं ते. पहिल्या पोराच्या पोटाला तिने कान लावला आणि झटकन उचलला. पुन्हा लावला. दुसरं पोर घेतलं, तिसरं घेतलं. अकरा पोरं झाली. अकराही पोटांत आवाज होता. तीच गुरगुर, तेच लांबचं भुंकणं.

तिच्या अंगावर काटा आला. ते गेले होते, साऱ्या गावाने बघितले होते, कोंबड्यांनीसुद्धा बघितले होते. मग आत बोलत होतं कोण? तिला वाटलं, मेलेली माणसं जशी घर सोडत नाहीत, अंगणातच घुटमळतात, तसंच हे असणार. बेंबीशी तोंड नेऊन ती नेहमीसारखं बोलायला गेली, पण तिला शब्द सुचेना. जे गेले त्यांच्याशी काय बोलायचं असतं ते सासूने शिकवलं नव्हतं. तिने पोरांना घरी पाठवलं आणि भर उन्हात दाराला कडी लावून आत बसून राहिली.

आओको त्या अकरांत नव्हती. तिचं पोट दुखत होतं. गुरुवारी ती गुडघे पोटाशी घेऊन ओरडली, हिरवं पाणी ओकली, आणि तिच्या पोटातला आवाज दारात उभं राहून ऐकू येत होता. ओकारीतून एक लांब जंत आला. शुक्रवारी सकाळी दुसरा नाकातून निघू लागला, तो रिस्पाने स्वतः चिमटीत धरून ओढला. ती भेदरली होती, पण मनाला समजावत होती, की औषध आत लढतंय, ते सापडेल त्या वाटेने पळतायत. आणि मग शुक्रवारी उन्हं वर चढली तशी आओको शांत झाली. ओरडणं थांबलं. रिस्पाने पोटाला कान लावला, तर काही नाही. जॅरेडने सांगितलं होतं तसंच. रिस्पा दारात आली आणि जाणाऱ्या येणाऱ्याला सांगू लागली, की साऱ्या गावात गोळी लागू पडली असेल तर ती माझ्या पोरीला.

हे ऐकून तुर्फोसा आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. रिस्पाने तिला उंबऱ्यावरच अडवलं असतं, पण म्हातारी वाकून तिच्या हाताखालून आत गेली. झोपडीत अर्धवट अंधार होता. आओको चटईवर होती, डोळे अर्धे उघडे, ओठ सुकून पांढरे. पोट वर आलं होतं आणि त्याचं कातडं ताणून चकाकत होतं. तुर्फोसा गुडघ्यांवर बसली आणि तिने कान टेकवला.

पोरगी हसली नाही. तुर्फोसा ऐकत राहिली. बाहेर कोणीतरी मका पाखडत होतं, ते थांबलं, पुन्हा सुरू झालं. तिला तिच्या स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येत होतं. कानाखाली मात्र काहीच नव्हतं, गुरगुर नाही, साधा बुडबुडा नाही. दगडाला कान लावल्यासारखं. ही शांतता तिने पूर्वी एकदा ऐकली होती. ती ओळखायला तिला क्षणही लागला नाही, आणि ओळखल्यावर उठून पळून जावं असं तिला वाटलं.

"हिला इस्पितळात ने," ती म्हणाली. "आत्ता."

रिस्पा आधी गोंधळली, मग चिडली. "ओपोंदोच्या आई, गोळी देऊ नका म्हणून तुम्ही गावभर फिरलात. आता माझी पोर शांत झोपली तर ते तुम्हाला बघवत नाही का?"

"ती झोपलेली नाही."

"आवाज बंद झाला की बरं, असं जॅरेड सांगून गेलाय. तुमचा धंदा बसला म्हणून माझ्या पोरीला आजारी पाडू नका."

आवाज चढले तशा शेजारणी जमल्या. कोणीतरी जॅरेडला बोलावून आणलं. तो दारातूनच म्हणाला, की आजी, पोट गप्प झालं पाहिजे हेच तर आपल्याला हवं होतं.  एवढ्या बायकांपुढे तुर्फोसाला दोनच गोष्टी करता येत होत्या. गप्प राहून घरी जायचं, म्हणजे पोर जाईल आणि लोक म्हणतील, गेमची लेक खरं सांगत होती, गोळीने मारलं. तिचं अंगण पुन्हा आयाबायांनी भरेल. किंवा बोलायचं. बोललं तर त्या अंगणात पुन्हा कोणी पाय ठेवणार नव्हतं.

ओपोंदो शापाने गेला असं सारं गाव मानत होतं. नवं घर बांधताना रीत मोडली, म्हणून. तुर्फोसानेच तसं सांगितलं होतं.

"ओपोंदोला शाप नव्हता लागला," ती म्हणाली. "त्याचं पोट असंच आलं होतं. दोन दिवस ओरडला, मग गप्प झाला. मी कान लावला तर हेच. असंच. सासूबाई म्हणाल्या, भांडून भांडून दमलेत, झोपलेत, उठवू नकोस. मी कुत्रं बांधलं. उखळाला कोणाला हात लावू दिला नाही. तुझा नवरा तेव्हा एवढासा होता, रडत अंगणात आला तर मी त्याला चापट मारून पिटाळलं. तीन दिवस मी आवाज होऊ दिला नाही. मला काही कळत नाही, रिस्पा. आतले काय म्हणतात ते मला कधीच कळत नव्हतं, मी आपलं सांगायची. पण हे मला कळतं. हे ऐकलंय मी."

 ज्यांच्या पोरांच्या पोटांवर तो कान टेकला होता त्या सगळ्या तिथेच उभ्या होत्या. जॅरेड आत आला. ज्या गोष्टीला तो इतके महिने हसत होता तीच त्याने केली. गुडघे टेकून त्याने आओकोच्या पोटाला कान लावला. बराच वेळ तो तसाच राहिला. उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याने रिस्पाला फक्त एवढंच सांगितलं, की कांगा घे, त्या कापडाने पोरीला पाठीशी बांध. मोटरसायकलचा आवाज टेकडीपलीकडे जाईपर्यंत तुर्फोसा त्या रिकाम्या चटईजवळ बसून होती. बायका एकेक करून निघून गेल्या. जाताना तिचा निरोप कोणी घेतला नाही.

जॅरेड शनिवारी परतला, तेव्हा कळलं की पोट फाडलं. शंभरावर जंतांचा एकमेकांत गुंतून गोळा झाला होता आणि आतडं बंद पडलं होतं. गोळीने ते सगळे एकदम एकाच जागी धावले असतील, इतके होते की वाटच उरली नव्हती. जाळ्याच्या दोरीचा पाण्यात भिजून गुंता होतो ना आजी, तसं, असं तो म्हणाला. काळं पडलेलं वीतभर आतडं कापून टाकलं. पोर जगेल की नाही ते डॉक्टर अजून सांगत नव्हत्या. आवाज बंद झाला की बरं, या आपल्या वाक्याचा विषय जॅरेडने काढला नाही आणि तुर्फोसानेही विचारलं नाही. तो खाली मान घालून तिच्या अंगणातून निघून गेला.

सोमवारी तुर्फोसा इस्पितळात पोचली. बायकांच्या खोलीत कोपऱ्यातल्या खाटेवर आओको होती, नाकात नळी, पोटाला आडवी पट्टी. रिस्पा जमिनीवर बसली होती. तिने तुर्फोसाकडे पाहिलं आणि सरकून जागा केली. पोरीला पाण्याचा घोटही द्यायचा नाही, तिने सांगितलं. डॉक्टरीण रोज सकाळी येते, पोटाला कानातली नळी लावून ऐकते आणि नाही म्हणून मान हलवते. म्हणते, पोट अजून बोलत नाही. बोलल्याशिवाय काही द्यायचं नाही.

तुर्फोसाला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "डॉक्टरीण पोटाचं ऐकते?"

"रोज. अगदी तुमच्यासारखे डोळे मिटून."

डॉक्टरीण आली ती तरुण होती, दुसऱ्या मुलखातली, तिची भाषा वेगळी. तिने पट्टीच्या खाली नळी टेकवली, जागा बदलली, पुन्हा टेकवली. खोलीतलं बोलणं थांबलं. तिने नळी काढली आणि नर्सला काहीतरी सांगितलं. नर्स म्हणाली, नाही अजून, दुपारी परत बघू. डॉक्टरीण पुढच्या खाटेकडे गेली तशी रिस्पा एकदम बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "तुम्ही ऐका."

तुर्फोसाने नाही म्हणून मान हलवली. आपण ते आता सोडलं, असं तिला सांगायचं होतं.

"ऐका ना, ओपोंदोच्या आई. माझ्यासाठी."

नर्सने डॉक्टरणीकडे पाहिलं, डॉक्टरणीने खांदे उडवले. तुर्फोसाने दोन्ही हात साबणाने धुतले, कान धुतला, आणि पट्टीच्या खालच्या उघड्या कातडीवर तो अलगद टेकवला. पोट आता मऊ होतं. आत काहीच नव्हतं. शुक्रवारी होती तीच शांतता. ती श्वास धरून राहिली. खिडकीखालून बायका कपडे आपटत होत्या. एक रडकं मूल रडून थकलं. रिस्पाचा हात तिच्या पाठीवर होता.

मग खूप खोलवर काहीतरी हललं. एक बुडबुडा, आणि बऱ्याच वेळाने दुसरा. मग एक लांब, बारीक गुरगुर पोटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.  डॉक्टरणीने सगळे काढले होते. पोट उघडून, आत बघून, बोटांनी काढले होते. आत कोणी नव्हतं, आणि तरी तो आवाज येत होता, पस्तीस वर्षं ऐकलेला तोच आवाज.

"बोलतंय," ती पुटपुटली.

डॉक्टरीण धावत आली, तिने नळी लावली, आणि तिचा चेहरा खुलला. नर्स म्हणाली, आता घोटघोट पाणी देता येईल. तुर्फोसाने तिची बाही धरली आणि विचारलं, की आत कोणी नाही तर बोलतंय कोण. नर्सला आधी प्रश्नच कळला नाही. मग ती हसून म्हणाली, की मावशी, आतडंच ते, आपलं आतडं काम करतं त्याचा आवाज. तुमच्यातही आहे, माझ्यातही आहे. जंतांना कुठला आलाय आवाज.

रिस्पाने हे ऐकलं नव्हतं. ती आओकोच्या उशाशी वाकली होती. "परत आले का ते?" तिने भीत भीत विचारलं. "आतले?"

तुर्फोसाने कान पुन्हा टेकवला होता. "कोणी आलेलं नाही," ती म्हणाली. "हीच आहे. पोर बोलतेय."

आओकोने डोळे उघडले आणि सुकलेल्या ओठांनी काहीतरी म्हटलं. कान गार आहे, एवढंच असावं. रिस्पा हसली आणि तिला रडू फुटलं. तुर्फोसाने मात्र डोकं उचललं नाही. नर्सला वाटलं, म्हातारी अजून ऐकतेय. ती ऐकत नव्हती. ओपोंदोच्या चटईजवळ ती तीन दिवस बसली होती आणि त्याच्या बेंबीशी तोंड नेऊन आतल्यांना विचारत राहिली होती, काय हवंय, कशाने रागावलात, कधी उठाल. ओपोंदो डोळे उघडे ठेवून तिच्याकडे बघत होता. त्याला तिने एकदाही काही विचारलं नव्हतं.